विश्लेषण : पहिल्या घरावरील सवलतींची मुदत का हुकते? आता काय करता येईल?

१ सप्टेंबर २०२५ रोजी ‘प्रधानमंत्री आवास योजना-शहरी २.०’ सुरू होऊन एक वर्ष झाले. त्यानंतर दोनच आठवड्यांनी, १६ सप्टेंबर २०२५ रोजी, २०२४-२५ या वर्षाचे आयकर विवरणपत्र भरण्याची वाढीव मुदत संपली. कर्ज काढून पहिले घर घेतलेल्या कुटुंबांसाठी या दोन्ही तारखा महत्त्वाच्या होत्या. पहिल्या घरासाठी गेल्या दशकात सरकारने व्याज अनुदान आणि जादा कर वजावट अशा दोन मार्गांनी मदत दिली. पात्र असूनही अनेकांच्या हाती त्यातले काहीच लागले नाही, कारण कुठली तरी तारीख हुकली. ही तारीख नेमकी कोणती होती, ती कोणाच्या हातात होती आणि आता काय वाचवता येईल, याचा हा आढावा.

एक उदाहरण

समजा, बदलापूरच्या एकाच इमारतीत दोन शेजारी आहेत. दोन्ही कुटुंबांचे वार्षिक उत्पन्न साडेपाच लाख रुपये, दोघांचेही हे पहिले घर आणि दोघांचेही गृहकर्ज २० लाखांचे. एकाचे कर्ज मंजुरीपत्र १० मार्च २०२२ चे आहे आणि बँकेने अनुदानाचा दावाही वेळेत पाठवला. दुसऱ्याची फाईल कागदपत्रांच्या छाननीत अडकली आणि मंजुरीपत्र आले ४ एप्रिल २०२२ रोजी.

पहिल्या कुटुंबाच्या कर्ज खात्यात कमाल २ लाख ६७ हजार रुपयांपर्यंतचे अनुदान थेट जमा होऊ शकत होते. दुसऱ्याला शून्य. साडेआठ टक्के व्याज आणि २० वर्षांची मुदत धरली, तर २ लाख ६७ हजारांनी मुद्दल कमी होणे म्हणजे महिन्याचा हप्ता सुमारे २,३०० रुपयांनी कमी होणे. दोन्ही घरे, दोन्ही उत्पन्ने आणि दोन्ही कर्जे सारखीच. फरक २५ दिवसांचा, आणि तोही बँकेच्या टेबलावर पडलेला.

कोणत्या सवलतींची मुदत संपली?

पहिल्या घरासाठी केंद्राच्या सवलती दोन खात्यांतून येतात. गृहनिर्माण मंत्रालय व्याजावर अनुदान देते, तर अर्थ मंत्रालय आयकरात वजावट देते. दोन्हींच्या अटी, उत्पन्नमर्यादा आणि मुदती वेगवेगळ्या. गोंधळाची सुरुवात इथूनच होते.

व्याज अनुदानाची योजना जून २०१५ मध्ये प्रधानमंत्री आवास योजनेच्या शहरी भागातून आली. बँकेत ती ‘सीएलएसएस’ या नावाने ओळखली जायची. वार्षिक ३ लाखांपर्यंत उत्पन्न असलेला आर्थिकदृष्ट्या दुर्बल घटक आणि ३ ते ६ लाखांचा अल्प उत्पन्न गट यांना कर्जाच्या पहिल्या ६ लाखांवर साडेसहा टक्के व्याज अनुदान मिळे. जानेवारी २०१७ पासून मध्यम उत्पन्न गटाचाही समावेश झाला. ६ ते १२ लाख उत्पन्न असलेल्यांना पहिल्या ९ लाखांच्या कर्जावर ४ टक्के, तर १२ ते १८ लाख उत्पन्न असलेल्यांना पहिल्या १२ लाखांवर ३ टक्के. कमाल लाभ अनुक्रमे २ लाख ३५ हजार आणि २ लाख ३० हजार रुपये होता. मध्यम गटासाठी ही खिडकी ३१ मार्च २०२१ रोजी बंद झाली, बाकी दोन गटांसाठी ३१ मार्च २०२२ रोजी.

आयकरातील वजावट दोन कलमांतून मिळते. कलम ८०ईई आधी २०१३-१४ या एका वर्षापुरते होते. ते पुन्हा आले आणि १ एप्रिल २०१६ ते ३१ मार्च २०१७ दरम्यान मंजूर झालेल्या कर्जांना लागू झाले. त्यासाठी कर्ज ३५ लाखांच्या आत, घराची किंमत ५० लाखांच्या आत आणि वजावट वर्षाला ५० हजारांपर्यंत, अशा मर्यादा होत्या. नंतर कलम ८०ईईए आले. १ एप्रिल २०१९ ते ३१ मार्च २०२२ दरम्यान मंजूर झालेल्या कर्जाच्या व्याजावर त्यात दीड लाखांपर्यंत जादा वजावट आहे. अटी दोन : मुद्रांक शुल्कासाठी धरलेले घराचे मूल्य ४५ लाखांपेक्षा जास्त नको, आणि कर्ज मंजूर झाले त्या दिवशी अर्जदाराच्या नावावर दुसरे राहते घर नको.

ही वजावट कलम २४ मधील २ लाखांच्या मर्यादेनंतर उरलेल्या व्याजावर मिळते. म्हणजे वर्षाचे व्याज २ लाखांच्या आत असेल तर ८०ईईएचा उपयोग नाही. ज्यांचे उत्पन्न मुळातच करपात्र नाही, त्यांनाही नाही. कमी उत्पन्नाच्या कुटुंबांसाठी व्याज अनुदान मोलाचे होते, तर पगारदार मध्यमवर्गासाठी ही वजावट.

मुदत नेमकी कशाची मोजली जाते?

सर्वाधिक गफलत याच प्रश्नावर होते. घर घेताना किमान पाच-सहा तारखा पडतात. बुकिंगची रक्कम भरल्याची तारीख, करारनामा नोंदवल्याची, कर्जासाठी अर्ज केल्याची, कर्ज मंजूर झाल्याची, पहिला हप्ता बिल्डरला मिळाल्याची आणि शेवटी ताबा मिळाल्याची. कलम ८०ईई आणि ८०ईईए यांतली एकच तारीख पाहतात, कर्ज मंजुरीची. मार्चमध्ये बुकिंग झाले, मुद्रांक शुल्क भरले, करार नोंदवला, पण मंजुरीपत्र एप्रिलचे असेल तर वजावट नाही. उलट, मंजुरी मार्चमधली आणि रक्कम मेमध्ये मिळाली तरी वजावट चालते.

यात आणखी एक खाच आहे. अनेक बँका आधी फक्त उत्पन्न पाहून तत्त्वतः मंजुरी देतात. घर ठरल्यावर मालकी हक्काचा शोध आणि मूल्यांकन होते, मग अंतिम मंजुरीपत्र येते. मंजुरीपत्र ठराविक काळापुरतेच वैध असते. मधल्या काळात फ्लॅट बदलला, कर्जाची रक्कम वाढवली किंवा वैधता संपली, तर नवे पत्र नव्या तारखेचे निघते. ग्राहकाच्या दृष्टीने कर्ज तेच असते, पण कागदावर तारीख बदललेली असते.

व्याज अनुदानात साखळी याहून लांब होती. कर्ज मंजूर व्हायचे, रक्कम दिली जायची, मग बँक राष्ट्रीय गृहनिर्माण बँक, हुडको किंवा स्टेट बँक यांपैकी एका नोडल संस्थेकडे दावा पाठवायची. अनुदान तिथून बँकेत आणि बँकेतून कर्ज खात्यात यायचे. दावा ग्राहक स्वतः करत नव्हता, त्याची बँक करत होती. आधारच्या नावातला फरक, उत्पन्नाच्या स्वयंघोषणापत्रातली त्रुटी, किंवा दुर्बल आणि अल्प उत्पन्न गटात घराच्या मालकीत महिलेचे नाव नसणे, यांपैकी कशानेही फाईल परत येई. मार्चअखेर परत आलेली फाईल दुरुस्त करून पुन्हा पाठवायला वेळ उरत नसे.

लोक गाफील का राहिले?

दोष केवळ ग्राहकांच्या आळसाला देता येणार नाही. मुदत वाढते, ही सवय सरकारनेच लावली होती. मध्यम उत्पन्न गटाची योजना २०१७ मध्ये एका वर्षासाठी आली. ती आधी मार्च २०१९, मग मार्च २०२० आणि नंतर मार्च २०२१ पर्यंत वाढली. यातली शेवटची वाढ १४ मे २०२० रोजी, टाळेबंदीतील आर्थिक पॅकेजमध्ये जाहीर झाली. म्हणजे मुदत संपून दीड महिना उलटल्यावर ती मागील तारखेपासून जिवंत झाली. कलम ८०ईईएची मुदतही २०२० आणि २०२१ अशा सलग दोन अर्थसंकल्पांत एकेक वर्षाने वाढली.

त्यामुळे फेब्रुवारी २०२२ च्या अर्थसंकल्पात ८०ईईएचा उल्लेखच झाला नाही, तेव्हा ते फारशा कोणाच्या लक्षात आले नाही. मुदत वाढली की मथळा होतो, वाढली नाही की बातमी होत नाही. त्याच अर्थसंकल्पात आवास योजनेतून ८० लाख घरे आणि त्यासाठी ४८ हजार कोटी रुपये ही घोषणा मात्र ठळक होती. पहिले घर घेणाऱ्याचा ‘सवलत चालूच आहे’ असा समज होणे साहजिक होते.

ऑगस्ट २०२२ मध्ये हाच प्रकार पुन्हा घडला. केंद्रीय मंत्रिमंडळाने शहरी आवास योजनेला ३१ डिसेंबर २०२४ पर्यंत मुदतवाढ दिली, पण व्याज अनुदानाचा भाग त्यातून वगळला. आधीच मंजूर झालेली घरे पूर्ण करण्यासाठी ती वाढ होती. ‘आवास योजनेला मुदतवाढ’ एवढे वाचून बँकेत गेलेल्यांना काउंटरवरून परत यावे लागले.

२९ महिन्यांची पोकळी कोणाच्या वाट्याला आली?

नवी ‘शहरी २.०’ योजना १ सप्टेंबर २०२४ पासून लागू झाली. जुनी ३१ मार्च २०२२ रोजी संपली. मधले २९ महिने दुर्बल आणि अल्प उत्पन्न गटाला शहरी गृहकर्जावर केंद्राचे व्याज अनुदान नव्हते. मध्यम उत्पन्न गटासाठी ही पोकळी ४१ महिन्यांची. वर्षाला ९ ते १८ लाख उत्पन्न असलेल्यांसाठी ती अजूनही भरलेली नाही, कारण नव्या योजनेची मर्यादाच ९ लाखांवर थांबते.

ही पोकळी चुकीच्या वेळी पडली. मुदत संपून महिना-सव्वा महिना होतो तोच, ४ मे २०२२ रोजी, रिझर्व्ह बँकेने दरवाढ सुरू केली. रेपो दर ४ टक्क्यांवरून फेब्रुवारी २०२३ पर्यंत साडेसहा टक्क्यांवर गेला आणि दोन वर्षे तिथेच राहिला. बहुतेक गृहकर्जे बदलत्या व्याजदराची असल्याने हप्ते वाढले किंवा कर्जाची वर्षे वाढली. ज्या काळात व्याजाचा भार सर्वाधिक होता, नेमक्या त्याच काळातल्या पहिल्या घराच्या खरेदीदारांना ना अनुदान मिळाले, ना जादा वजावट.

१५ ऑगस्ट २०२३ रोजी पंतप्रधानांनी लाल किल्ल्यावरून शहरी मध्यमवर्गासाठी व्याजात दिलासा देणारी योजना आणण्याची घोषणा केली. मंत्रिमंडळाची मंजुरी आली ९ ऑगस्ट २०२४ रोजी. या वर्षभरात जे घोषणेवर विसंबून थांबले, त्यांना लाभाचा मार्ग मोकळा झाला. ज्यांचे भाडे परवडत नव्हते किंवा ज्यांचा बिल्डर थांबायला तयार नव्हता, त्यांनी घर घेतले आणि ते योजनेबाहेर राहिले.

नव्या योजनेत काय मिळते?

वार्षिक ९ लाखांपर्यंत उत्पन्न असलेल्या आणि देशात कुठेही पक्के घर नसलेल्या कुटुंबाला कर्जाच्या पहिल्या ८ लाखांवर ४ टक्के व्याज अनुदान आहे. ते कमाल १२ वर्षांच्या कर्जमुदतीसाठी मोजले जाते. घराची किंमत ३५ लाखांच्या आत, कर्ज २५ लाखांच्या आत आणि चटई क्षेत्र १२० चौरस मीटरपर्यंत हवे. कमाल लाभ १ लाख ८० हजार रुपये, तोही एकरकमी नाही. पाच वार्षिक हप्त्यांत, म्हणजे वर्षाला जास्तीत जास्त ३६ हजार.

इथेही तारखांच्या अटी आहेत आणि त्या वाचल्याशिवाय अर्ज करू नये. कर्ज १ सप्टेंबर २०२४ रोजी किंवा त्यानंतर मंजूर झालेले हवे आणि रक्कमही त्यानंतरच दिलेली हवी. ऑगस्ट २०२४ चे मंजुरीपत्र घेऊन सप्टेंबरमध्ये पैसे मिळाले असतील तर ते चालत नाही. प्रत्येक हप्त्याच्या वेळी कर्ज खाते चालू हवे आणि निम्म्याहून जास्त मुद्दल बाकी हवे. म्हणजे बोनस किंवा दागिने विकून आलेल्या पैशांतून लवकर मोठी परतफेड केली, तर पुढचे अनुदान थांबू शकते. गेल्या २० वर्षांत सरकारी गृहनिर्माण योजनेचा लाभ घेतलेला नसावा, अशीही अट आहे.

जुन्या योजनेच्या तुलनेत एक बदल मात्र चांगला आहे. योजनेच्या संकेतस्थळावर कुटुंब स्वतः पात्रता तपासून अर्ज करू शकते. फाईल कुठे आहे हे कळण्यासाठी बँकेच्या दारात उभे राहण्याची गरज कमी झाली. योजना पाच वर्षांची असली तरी लक्ष्य मर्यादित आहे. चारही घटक मिळून एक कोटी कुटुंबे. शिवाय ३५ लाखांत मुंबईत घर मिळणे जवळपास अशक्य, त्यामुळे महानगर प्रदेशात प्रत्यक्ष लाभ बदलापूर, वांगणी, नेरळ, बोईसर अशा टोकाच्या भागांतच दिसेल. तिथेही घर योजनेत येणाऱ्या शहराच्या किंवा अधिसूचित नियोजन क्षेत्राच्या हद्दीत आहे का, हे आधी तपासायला हवे.

विवरणपत्राची मुदत का महत्त्वाची?

ज्यांचे कर्ज ३१ मार्च २०२२ पूर्वी मंजूर झाले, त्यांची ८०ईईएची वजावट अटी पूर्ण होत असतील तर कर्ज फिटेपर्यंत दरवर्षी सुरू राहते. पण ती फक्त जुन्या करप्रणालीत मिळते. नवी करप्रणाली आता आपोआप लागू असते आणि जुनी निवडायची असेल तर विवरणपत्र मुदतीतच भरावे लागते. २०२४-२५ साठी ही मुदत संपल्यावर ३१ डिसेंबर २०२५ पर्यंत उशिराचे विवरणपत्र भरता येत होते, मात्र त्यात जुनी करप्रणाली निवडता येत नव्हती. त्यामुळे मुदत हुकली की त्या वर्षाची ८०ईईए, कलम २४ मधील राहत्या घराच्या व्याजाची वजावट आणि ८०सी या तिन्ही वजावटी एकदम जातात.

आकड्यांत पाहू. २०२४-२५ या वर्षाचा पगार १२ लाख, गृहकर्जाचे व्याज २ लाख ९५ हजार आणि ८०सीची गुंतवणूक दीड लाख. आरोग्य विमा आणि व्यवसाय कर सोप्या हिशेबासाठी बाजूला ठेवू. नव्या करप्रणालीत ७५ हजारांची प्रमाणित वजावट जाऊन उपकरासह कर येतो ७१,५०० रुपये. जुन्या करप्रणालीत ५० हजारांची प्रमाणित वजावट, ८०सीचे दीड लाख आणि कलम २४ चे २ लाख धरले तर कर ७५,४०० रुपये. म्हणजे ८०ईईए नसेल तर नवीच बरी. पण ८०ईईएखालील उरलेले ९५ हजार जोडले की जुन्या प्रणालीतला कर ५५,६४० रुपयांवर येतो. नव्यापेक्षा १५,८६० रुपये कमी. विवरणपत्र उशिरा भरणारा हे १५,८६० रुपये गमावतो, वर ५ हजार रुपये विलंब शुल्क भरतो.

कंपनीने वर्षभर नव्या प्रणालीने कर कापला असला, तरी पगारदाराला विवरणपत्रात जुनी निवडता येते. व्यवसायाचे उत्पन्न असलेल्यांना त्यासाठी १०-आयईए हा अर्ज मुदतीत भरावा लागतो. २०२५ मध्ये विवरणपत्रात ८०ईई आणि ८०ईईएसाठी तपशीलही जास्त मागितला गेला : कर्ज देणाऱ्या संस्थेचे नाव, कर्ज खाते क्रमांक, मंजुरीची तारीख, कर्जाची मूळ रक्कम, वर्षअखेरची बाकी. ८०ईईएसाठी घराचे मुद्रांक मूल्यही लागते. शेवटच्या रात्री बसलात आणि मंजुरीपत्र सापडले नाही, तर वजावट हातची जाऊ शकते.

२०२५-२६ पासून गणित बदलले. २०२५-२६ च्या उत्पन्नावर नव्या प्रणालीत पगारदारांना १२ लाख ७५ हजारांपर्यंत कर नाही. त्यामुळे वरच्या उदाहरणातल्या व्यक्तीसाठी ८०ईईएचा उपयोग होण्याचे २०२४-२५ हे बहुधा शेवटचे वर्ष होते. एप्रिल २०२६ पासूनच्या नव्या आयकर कायद्यात कलमांचे क्रमांकही वेगळे आहेत.

मुदत हुकली असेल तर मार्ग आहे का?

आधी नेमके काय हुकले हे ओळखावे. मंजुरीची तारीखच मुदतीबाहेर असेल तर मार्ग नाही. ती तारीख कायद्यात लिहिलेली आहे. बँक व्यवस्थापक किंवा आयकर अधिकारी ती बदलू शकत नाही, आणि जुन्या तारखेचे पत्र ‘करून देतो’ म्हणणाऱ्या एजंटापासून लांब राहावे. ते बनावट कागदपत्र ठरते.

मंजुरी मुदतीत आहे, पण विवरणपत्रात वजावट घ्यायची राहिली, तर मार्ग आहे. २०२४-२५ चे विवरणपत्र वेळेत जुन्या प्रणालीत भरले असेल, तर ३१ डिसेंबर २०२५ पर्यंत ते सुधारता येत होते. मागील वर्षांसाठी ‘अद्ययावत विवरणपत्र’ भरू, असे अनेकांना वाटते. पण ते कर कमी करण्यासाठी किंवा परतावा वाढवण्यासाठी वापरता येत नाही. मागील वर्षांच्या परताव्यासाठी कलम ११९ खाली विलंब माफीचा अर्ज करता येतो. त्यासाठी त्या कर निर्धारण वर्षाच्या अखेरीपासून पाच वर्षांची मर्यादा आहे. माफी हक्काने मिळत नाही, खरी अडचण दाखवावी लागते. पण दीड लाखाची वजावट दोन-तीन वर्षे राहिली असेल तर सनदी लेखापालाला विचारून पाहण्यासारखे आहे.

कर्ज आणि कागदपत्रे वेळेत होती, पण बँकेने अनुदानाचा दावा पाठवलाच नाही, अशी तिसरी परिस्थिती असते. इथे आधी बँकेकडे लेखी तक्रार करून दावा कधी पाठवला, कोणत्या कारणाने परत आला, हे लेखी मागावे. बँकेचे उत्तर समाधानकारक नसेल किंवा ३० दिवसांत आलेच नाही, तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे जाता येते. गृहवित्त कंपनी असेल तर तक्रार राष्ट्रीय गृहनिर्माण बँकेकडे करावी लागते. ग्राहक आयोगाचा मार्गही आहे. तिथे तक्रारीला दोन वर्षांची मर्यादा असते, मात्र उशिराचे सबळ कारण दिल्यास आयोग ती शिथिल करू शकतो.

कर्ज दुसऱ्या बँकेत हलवण्याच्या विचारात असाल, तर एक काळजी घ्यावी. नव्या बँकेचे मंजुरीपत्र नव्या तारखेचे असेल. ८०ईईए घेणाऱ्यांनी अर्ध्या टक्क्यासाठी कर्ज हलवण्याआधी सल्ला घ्यावा आणि मूळ मंजुरीपत्र जपून ठेवावे.

याहून वेगळी मुदत ठेवता येते का?

येते. महाराष्ट्रातलेच उदाहरण घेऊ. करोनाकाळात राज्य सरकारने सप्टेंबर ते डिसेंबर २०२० मध्ये मुद्रांक शुल्कात ३ टक्के आणि त्यानंतर मार्च २०२१ पर्यंत २ टक्के कपात केली. डिसेंबरअखेर नोंदणी कार्यालयांत रांगा लागल्या. तेव्हा मुद्रांक शुल्क मुदतीत भरले असेल तर दस्त नोंदणी पुढच्या चार महिन्यांत करता येईल, अशी मुभा दिली गेली. पैसे भरणे खरेदीदाराच्या हातात होते, कार्यालयातली रांग नव्हती. मुदत जे हातात होते त्यालाच लावली.

अमेरिकेतही असेच झाले. २००८ च्या मंदीनंतर तिथे पहिले घर घेणाऱ्यांना ८ हजार डॉलरपर्यंत थेट करसवलत दिली. ती वाढवताना करार ३० एप्रिल २०१० पर्यंत आणि खरेदी व्यवहार ३० जून २०१० पर्यंत पूर्ण, अशा दोन वेगळ्या तारखा ठेवल्या. बँकांकडे फायली तुंबल्या तेव्हा कराराची तारीख तीच ठेवून व्यवहार पूर्ण करण्याची मुदत ३० सप्टेंबरपर्यंत वाढवली. वेळेत करार केलेल्यांना बँकेच्या उशिराची शिक्षा झाली नाही.

आपल्याकडे मुदत बांधली आहे ती मंजुरीपत्राला, म्हणजे ज्या कागदावर खरेदीदाराचे नाव असते पण तारीख बँक टाकते. तिथे कर्जाचा पूर्ण अर्ज दिल्याची किंवा करार नोंदवल्याची तारीख धरली, तर ‘मार्चमध्ये सगळे दिले होते, पत्र एप्रिलमध्ये आले’ ही तक्रार उरणार नाही. दुसरी गरज आहे ती वेळेवर सांगण्याची. योजना वाढणार नसेल तर तेही सरकारने तितक्याच ठळकपणे जाहीर करायला हवे. नवी योजना ऑगस्ट २०२९ अखेर पाच वर्षे पूर्ण करेल. तेव्हा हाच गोंधळ पुन्हा होऊ नये.

तोवर घर घेणाऱ्याने एक करावे. बुकिंगच्या दिवशीच बँकेला लेखी विचारावे की माझ्या योजनेसाठी कोणती तारीख धरली जाईल. आणि मंजुरीपत्र, व्याज प्रमाणपत्र, अर्जाची पोच यांचे फोटो आजच मोबाइलमध्ये वेगळ्या फोल्डरमध्ये ठेवावेत. विवरणपत्र भरताना त्यांची गरज पडते.